पिप नाकारलं? आधी घरातली न दिसणारी मदत कागदावर आणा

ब्रिटनमधल्या मराठी घरात ऑटिस्टिक मुलगा किंवा मुलगी मोठी झाली की पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचा, म्हणजे पिप या सरकारी अपंगत्व भत्त्याचा, अर्ज कधी ना कधी केला जातो. मग एक दिवस तपकिरी पाकीट येतं. रोजचं जगणं, शून्य पॉइंट. प्रवास, शून्य पॉइंट. डीडब्ल्यूपीने, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याने, ऑटिझमच नाकारला असं घरच्यांना वाटतं. पत्र शांतपणे वाचलं तर लक्षात येतं की निदान बहुतेक वेळा त्यांनी मान्य केलेलं असतं. त्यांनी नाकारलेली असते ती मदतीची गरज.

ती गरज अर्जात उमटत नाही, याचं एक मोठं कारण आपल्या घरातच असतं. पंचवीस वर्षांच्या मुलाला ताट वाढून देणं, त्याचे कपडे काढून ठेवणं, ‘आंघोळ झाली का रे?’ असं चारदा विचारणं, बँकेचा फोन त्याच्या वतीने घेणं, याला आपण मदत म्हणतच नाही. आई ते करतेच, विषय संपला. वर पाहुण्यांपुढे बोलायची सवय अशी की असेसमेंटच्या, म्हणजे अर्जानंतर होणाऱ्या तपासणीच्या, फोनवरही आपण म्हणतो, ‘तसं सगळं करतो हो तो.’ ते वाक्य अहवालात जसंच्या तसं उतरतं. अपिलात करायचं काम मुख्यतः एकच आहे. घरात रोज होणारी ही मदत मोजायची आणि कायद्याच्या शब्दांत मांडायची.

पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे. स्कॉटलंडमध्ये अडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे आणि तिथली वाट वेगळी आहे. आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घ्यायची नाही, अशी अट असेल, तर पिप त्या पब्लिक फंड्समध्ये मोडतं. अशा वेळी अपिलाच्या आधी इमिग्रेशन सल्लागाराला गाठा, कारण दावा केल्यानेच व्हिसा अडचणीत येऊ शकतो. शिवाय मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे ब्रिटनमध्ये असणं लागतं. नकार या कारणाने आला असेल, तर पॉइंटवर भांडून काही मिळणार नाही. तिथे पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं कामाला येतात.

पॉइंट कशाचे

पिप २०१३ मध्ये सुरू झालं. त्यात बारा कामं तपासतात, रोजच्या जगण्याची दहा आणि प्रवासाची दोन. प्रत्येक कामाखाली ठरलेली वाक्यं असतात. त्यांना डिस्क्रिप्टर म्हणतात आणि प्रत्येकाला पॉइंट ठरलेले असतात. एका भागात ८ पॉइंट झाले की साधा दर, १२ झाले की वाढीव. २०२५-२६ मध्ये रोजच्या जगण्याचा साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड आणि वाढीव ११०.४० पौंड होता. प्रवासाचा २९.२० आणि ७७.०५ पौंड. कमाई आणि बचत बघत नाहीत. नोकरी असली तरी पिप मिळू शकतं.

सगळा खेळ २०१३ च्या पिप नियमांतल्या नियम ४ आणि ७ वर चालतो. नियम ४ म्हणतो की एखादं काम माणसाला ‘येतं’ असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ते त्याला सुरक्षितपणे, स्वीकारण्याजोग्या दर्जाने, जितक्यांदा करायला हवं तितक्यांदा आणि वाजवी वेळात जमतं. वाजवी वेळ म्हणजे इतर माणसाला जास्तीत जास्त जेवढा लागेल त्याच्या दुपटीपर्यंत. या चारपैकी एक जरी निसटलं, तरी ते काम ‘येत नाही’ असंच धरायचं. नियम ७ म्हणतो की ही अडचण निम्म्याहून जास्त दिवस असायला हवी. दिवसातून एकदा अडचण आली तरी तो दिवस मोजला जातो, ती अगदी किरकोळ नसली म्हणजे झालं. ‘कधी कधी’, ‘बऱ्याचदा’ हे शब्द त्यामुळे अर्जातून हद्दपार करा. ‘आठवड्यातले पाच दिवस’ असं लिहा.

तारखा चुकवू नका

पहिली पायरी मँडेटरी रिकन्सिडरेशनची, तोंडी भाषेत एमआरची, म्हणजे डीडब्ल्यूपीलाच निर्णय पुन्हा तपासायला सांगण्याची. निर्णयाच्या पत्रावर छापलेल्या तारखेपासून एक महिना मिळतो. पाकीट तुमच्या हातात कधी पडलं याला महत्त्व नाही. एमआर फोनवर मागता येतो, पण कागदावर मागा. त्यासाठी सीआरएमआर१ नावाचा फॉर्म आहे, साधं पत्रही चालतं. डीडब्ल्यूपीला फोन करून असेसमेंटच्या अहवालाची प्रत मात्र लगेच मागवा. ती फुकट मिळते. अहवाल हातात नसताना एमआर लिहिणं म्हणजे प्रश्नपत्रिका न बघता पेपर सोडवण्यासारखं आहे. महिना संपत आला आणि प्रत अजून आली नसेल, तर मुदतीच्या आत दोन ओळींचं पत्र धाडा, अहवाल मागवला आहे आणि सविस्तर मुद्दे मागून येतील एवढंच लिहून. उशीर झालाच, तर १३ महिन्यांपर्यंत कारण देऊन एमआर मागता येतो. आजारपण, निदान नुकतंच होणं, पत्र वाचणारं कुणी नसणं, जे खरं असेल ते लिहा. उशिरामुळे त्यांनी एमआर नाकारला तरी ट्रायब्युनलची, म्हणजे अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाची, वाट बंद होत नाही.

एमआरमध्ये बहुतेकदा काही बदलत नाही, आणि इथेच खूप घरं हात टेकतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की इथे थांबू नका. एमआर डीडब्ल्यूपीच्याच टेबलावर होतो. ट्रायब्युनल डीडब्ल्यूपीपासून स्वतंत्र आहे आणि सगळं पहिल्यापासून बघतं. एमआरच्या उत्तराच्या तारखेपासून पुन्हा एक महिना मिळतो. अपील ऑनलाइन किंवा एसएससीएस१ या फॉर्मवर करायचं. फी नाही, वकील सक्तीचा नाही.

मूल सज्ञान झालं की आईवडिलांना त्याच्या वतीने बोलायचा अधिकार आपोआप राहत नाही, हे आपल्याकडे पटकन लक्षात येत नाही. त्याला स्वतःचे व्यवहार सांभाळता येत नसतील तर डीडब्ल्यूपीकडे अपॉइंटी, म्हणजे त्याच्या वतीने भत्त्याचे व्यवहार बघणारा माणूस, म्हणून नोंद करून घ्या. सांभाळता येत असतील पण बोलायला कुणीतरी हवं असेल, तर फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव आणि त्याची सही लागते.

अहवाल वाक्यावाक्याने वाचा

ऑटिस्टिक माणसाच्या अहवालात ठरावीक वाक्यं दिसतात. ‘डोळ्याला डोळा देऊन बोलला.’ ‘प्रश्नांची उत्तरं नीट दिली.’ ‘पदवीधर आहे.’ ‘गाडी चालवतो.’ ‘कुठल्याही तज्ज्ञाकडे उपचार चालू नाहीत.’ ‘बौद्धिक अडचण आढळली नाही.’ यावर ‘हे खोटं आहे’ एवढं लिहून काही साधत नाही. प्रत्येक वाक्याचा त्या कामाशी काय संबंध, हे विचारायचं.

पदवीचं उदाहरण घ्या. मुलगी एमएससी झाली यावरून ती रोज आपणहून जेवते का, हे कळत नाही. उलट पदवीच्या काळात वेळ वाढवून दिला होता, मेंटर होता, वसतिगृहात न राहता ती घरून जात होती, हे पुराव्यासकट सांगता येतं. नजरेला नजर देण्याबद्दल लिहायचं की ते शिकून, घोकून आलेलं आहे. पाऊण तास ते निभावल्यावर ती उरलेला दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होती आणि रात्री जेवली नाही, हे त्याच परिच्छेदात सांगा. असेसमेंटनंतरचे चोवीस तास हा फार बोलका पुरावा असतो आणि तो जवळजवळ कुणीच देत नाही. तज्ज्ञाकडे उपचार चालू नाहीत हे तर उघड आहे. प्रौढ ऑटिझमचं निदान झालं की एनएचएसचं क्लिनिक बहुतेक वेळा नाव काढून टाकतं. निदानानंतर नाव काढल्याचं पत्र असेल तर जोडा.

‘बौद्धिक अडचण नाही’ या वाक्याकडे मात्र खास लक्ष द्या. ते निरुपद्रवी दिसतं, पण नियमांत ‘मानसिक त्रास’ याची व्याख्या दीर्घकाळच्या मानसिक आजाराशी किंवा बौद्धिक वा आकलनाच्या अडचणीशी जोडलेली आहे. हे वाक्य तसंच राहिलं तर लोकांशी वागणं आणि प्रवास, दोन्हीकडचे पॉइंट त्याच्यापाशी अडतात. शंभरातून सात-सात वजा करता आले, इंग्रजी शब्द उलटा सांगता आला, एवढ्यावरून ते लिहिलेलं असतं. निदानाच्या अहवालात नियोजन, लक्ष वळवणं, बदल पचवणं यांबद्दल जे लिहिलंय त्यावर खूण करा आणि पान क्रमांक द्या.

स्वयंपाकाचं एक उदाहरण

अर्जात बहुतेक जण लिहितात, ‘स्वयंपाक करताना अडचण येते, आई मदत करते.’ या वाक्याला पॉइंट देणं कुणालाही कठीण. तीच गोष्ट अशी लिहिता येते:

‘रोजचा स्वयंपाक आई करते. महिन्यातून दोन-तीनदा तो स्वतः वरण-भात करायला जातो. कुकरची शिट्टी सहन होत नाही म्हणून डाळ पातेल्यात शिजवतो. डाळ शिजेपर्यंत थांबायचं असतं तेव्हा तो खोलीत जाऊन ट्रेनचं वेळापत्रक बघत बसतो आणि गॅस चालू असल्याचं त्याच्या ध्यानात राहत नाही. गेल्या तीन वेळांपैकी दोनदा पातेलं करपलं. दुसऱ्या वेळी धुराचा अलार्म वाजला तेव्हा तो कान दाबून जिन्याखाली बसला. गॅस आईने बंद केला. मनगटाला चटका बसला होता, तो आईला दुसऱ्या दिवशी दिसला. त्याला तो जाणवला नव्हता. आता तो स्वयंपाकघरात असेपर्यंत आई तिथून हलत नाही.’

यातली एकेक ओळ कामाची आहे. किती वेळा, ते आहे. नेमकं काय बिघडतं, ते आहे. आई तिथे नसती तर काय झालं असतं, तेही आहे. ‘आई तिथून हलत नाही’ म्हणजे नियमांच्या भाषेत देखरेख. त्याचे ४ पॉइंट. नुसती आठवण करून द्यावी लागत असेल तर २. धोका क्वचित येतो असा आक्षेप आला, तर अप्पर ट्रायब्युनलचा, म्हणजे वरच्या न्यायाधिकरणाचा, २०१७ चा एक निर्णय मदतीला येतो. धोका घडण्याची शक्यता आणि घडला तर होणारी हानी, दोन्हींचा एकत्र विचार करायचा, असं तो सांगतो. रोज आग लागायलाच हवी असं नाही.

अर्ज इंग्रजीत जाणार हे खरं, पण हे सगळं आधी घरात मराठीत बोलून काढा. ‘आपण रोज काय काय करतो’ हे आईकडून मराठीतच बाहेर येतं.

विसरले जाणारे पॉइंट

आंघोळ, कपडे आणि जेवण या तीन कामांत शारीरिक मदत लागत नाही म्हणून लोक ‘नाही’वर खूण करून मोकळे होतात. पण आठवण करणं, मागे लागणं, समजावणं यालाही नियमांत नाव आहे, प्रॉम्प्टिंग. आंघोळीला प्रॉम्प्टिंग लागतं, २ पॉइंट. हवामानाप्रमाणे कोणते कपडे घालायचे हे सांगावं लागतं किंवा घालायला लावावं लागतं, २. जेवायची आठवण करावी लागते, ४. झाले की आठ. भूक न जाणवणं ऑटिझममध्ये अनेकांना असतं. ताट समोर आल्याशिवाय मुलगा जेवतच नसेल, तर एखाद्या शनिवार-रविवारी आईवडील बाहेरगावी होते तेव्हा त्याने काय खाल्लं ते लिहा. आणि मागे लागल्यावरही जमत नसेल, तर तेही स्पष्ट लिहा, कारण तिथे वरचा डिस्क्रिप्टर लागू होऊ शकतो.

पैशांच्या कामात वीस पौंडांतून सुटे किती मिळतील असं विचारतात. गणितात हुशार माणूस क्षणात सांगतो आणि शून्य पॉइंट पडतात. प्रश्न हिशेबाचा नसून निर्णयाचा आहे. बिलं वेळेवर भरणं, महिन्याचा खर्च आखणं, पुढची खरेदी ठरवणं, हे सगळं या कामात येतं. महिन्याचा पगार दोन दिवसांत एकाच छंदावर गेला असेल, तर ते बँकेच्या स्टेटमेंटवर दिसतं. मदत लागत असेल तर २ पॉइंट.

लोकांशी समोरासमोर वागणं हे काम मात्र सावकाश लिहा. नियमांत त्याची व्याख्या आहे. प्रसंगाला धरून, योग्य रीतीने वागणं, समोरच्याची देहबोली समजणं आणि नाती जोडणं. प्रॉम्प्टिंग लागलं तर २, सामाजिक आधार लागला तर ४, आणि प्रचंड मानसिक त्रासामुळे जमतच नसेल तर ८. सामाजिक आधार म्हणजे प्रशिक्षित किंवा अनुभवी माणसाची मदत. इथे सुप्रीम कोर्टाचा १८ जुलै २०१९ चा निकाल महत्त्वाचा आहे, ‘एमएम’ या नावाने ओळखला जातो. जवळच्या माणसाने दिलेलं प्रोत्साहनसुद्धा सामाजिक आधार ठरू शकतं, पण ते त्या माणसाच्या अनुभवामुळेच उपयोगी पडत असलं पाहिजे. म्हणून लिहायचं की शेजारच्या काकूंनी सांगून तो बोलत नाही. आईला त्याची लक्षणं ओळखता येतात, कधी थांबायचं ते कळतं, ती आधी दहा मिनिटं प्रसंग समजावून सांगते आणि नंतर त्याला बाहेर काढते. गणपतीला घरात वीस माणसं येतात तेव्हा तो दीड दिवस खोलीतच असतो, हेही इथे लिहायचं.

प्रवासात सगळ्यात मोठा गोंधळ असा. ‘तो रोज एकटा बसने कॉलेजला जातो’ असं कळलं की अहवाल शून्यावर संपतो. पण ओळखीचा मार्ग आणि अनोळखी मार्ग यांना वेगळे डिस्क्रिप्टर आहेत. अनोळखी ठिकाणी सोबत कुणी असल्याशिवाय मार्ग धरता येत नसेल तर १० पॉइंट, ओळखीच्या ठिकाणीही नसेल तर १२. मार्ग धरणं म्हणजे नकाशा वाचणं एवढंच धरू नका. गाडी रद्द झाली, स्टेशनवर गर्दी उसळली, बस वळवली, तर तो काय करतो? एकदा कुठे अडकून राहिला असेल तर तारीख, ठिकाण आणि त्याला आणायला कोण गेलं ते लिहा. मानसिक त्रासाला प्रवासाच्या डिस्क्रिप्टरमधून वगळणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये आली होती. हायकोर्टाने त्याच वर्षी २१ डिसेंबरला ती रद्द केली. त्यामुळे त्रास हे कारण आजही चालतं.

पुरावा

जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, पत्र बहुतेकदा दोन ओळींचं येतं, कारण त्यांना घर दिसत नाही. त्यापेक्षा निदानाचा पूर्ण अहवाल, ऑक्युपेशनल थेरपिस्टचा संवेदनांबद्दलचा अहवाल, जुना ईएचसीपी (शाळेच्या वयातला खास गरजांचा सरकारी आराखडा), कॉलेज किंवा नोकरीतल्या सवलतींची पत्रं आणि कौन्सिलचं केअर असेसमेंट जास्त वजनदार ठरतात. चौदा दिवसांची डायरी ठेवा. वेळ, काम, कितव्यांदा सांगितल्यावर झालं, झालं नाही तर काय झालं, एवढंच. चांगला दिवस गेला तर तोही लिहा, डायरी त्यानेच खरी वाटते.

एक नियम डोक्यात पक्का ठेवा. ट्रायब्युनल निर्णयाच्या तारखेला काय परिस्थिती होती ते बघतं. पुरावा नंतरचा चालतो, पण तो त्या दिवसांबद्दल बोलला पाहिजे. पत्र लिहून देणाऱ्याला ती तारीख सांगा आणि ‘त्या काळातही अशीच स्थिती होती’ हे वाक्य, खरं असेल तर, घालायला सांगा. निर्णयानंतर स्थिती बिघडली असेल, तर तो बिघाड या अपिलाचा भाग होऊ शकत नाही.

सुनावणी

अपील दाखल झालं की डीडब्ल्यूपीला उत्तर द्यायला २८ दिवस असतात. मग जाडजूड बंडल येतं. त्यात तुमचा अर्ज, अहवाल, सगळं असतं, पान क्रमांकासह. तुमचे मुद्दे एक-दोन पानांत लिहा, प्रत्येक कामापुढे मागितलेला डिस्क्रिप्टर आणि बंडलमधलं पान. चाळीस पानी कैफियत पाठवली तर मुद्दा हरवतो.

मधल्या काळात डीडब्ल्यूपीचा फोन येऊ शकतो, ‘इतके पॉइंट देतो, मान्य आहे का?’ फोनवर लगेच होकार देऊ नका. ऑटिस्टिक माणूस अशा फोनवर सहज ‘हो’ म्हणून जातो. कोणत्या कामाला किती, मुदत किती वर्षांची, हे लिहून घ्या आणि उत्तराला वेळ मागा. कमी वाटत असेल तर नाही म्हणून सुनावणीला जाता येतं. ट्रायब्युनलला पॉइंट कमी करायचाही अधिकार आहे, हे मात्र विसरू नका. शून्यावरून आलेल्याला ती भीती नाही. ज्याला एक भाग आधीच मिळालाय, त्याने सल्ला घेऊन ठरवावं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आणि नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी यांच्याकडे यासाठी विचारणा करता येते.

सुनावणी नुसत्या कागदांवर होऊ देऊ नका. प्रत्यक्ष, व्हिडिओ किंवा फोन यांपैकी जे झेपेल ते मागा. समोर सहसा तिघं असतात, एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि एक अपंगत्वाची जाण असलेले सदस्य. फॉर्मवरच सोयी मागा. मध्ये थांबण्याची मुभा, एका वेळी एकच प्रश्न, झगझगीत दिवे नकोत, आईला आधी बोलू द्या. आईला इंग्रजीत अवघड जात असेल तर मराठी दुभाषा मागा. तो ट्रायब्युनल देतं, फुकट. घरचं माणूस दुभाषा म्हणून चालत नाही.

प्रश्नाचं उत्तर ‘हो, येतं’ असं अर्ध्यावर सोडू नका. ‘येतं, पण कुणी मागे लागलं तर, आणि आठवड्यातून दोनदाच’ असं पूर्ण करा. मुलाने एका शब्दात उत्तर दिलं तर प्रतिनिधीने थांबून, परवानगी घेऊन भर घालावी. त्याला मध्येच तोडू नये.

निकाल त्याच दिवशी किंवा टपालाने येतो. जिंकलात तर मूळ दाव्यापासूनची थकबाकी मिळते. रोजच्या जगण्याचा भाग मिळाला, की आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्या माणसाला केअरर्स अलाउन्सचा अर्ज करता येतो, त्याच्या कमाईच्या मर्यादेत बसत असेल तर. हरलात तर एका महिन्याच्या आत लेखी कारणं मागा, कारण अप्पर ट्रायब्युनलकडे फक्त कायद्याची चूक दाखवून जाता येतं आणि ती चूक त्या कारणांतच सापडते.

पिप मिळाल्यावर भारतात लांबचा मुक्काम ठरत असेल तर आधी डीडब्ल्यूपीला कळवा. १३ आठवड्यांपर्यंतच्या तात्पुरत्या गैरहजेरीत पैसे चालू राहतात, उपचारांसाठी गेला असाल तर २६. आणि बंडल जपून ठेवा. मुदत संपत आली की रिव्ह्यूचा फॉर्म येतो. त्यात ‘काहीही बदल नाही’ एवढंच लिहून पाठवू नका. ट्रायब्युनलने मान्य केलेली प्रत्येक मदत आजही कोण, किती वेळा करतं, ते पुन्हा पहिल्यासारखं लिहा.